हजेरी

शेखने उकिडवं बसून थडग्याच्या नुकत्याच बुजवलेल्या तोंडावर तळहात टेकला आणि मान वर करून विचारलं,

"आईचं नाव?"

सिद्कीचे दोन्ही मुलगे एकमेकांकडे बघायला लागले. धाकटा बुटाच्या टोकाने वाळू उकरू लागला. थोरला शेवटी खाली वाकला, तोंडापुढे हाताचा आडोसा केला आणि शेखच्या कानात काहीतरी बोलला. शेखने मान डोलावली, घसा साफ केला.

"हे सिद्की, तफीदाच्या मुला!"

भोवतीच्या चाळीसेक पुरुषांनी नजरा खाली वळवल्या. एखाद्याच्या घराचं आतलं दार चुकून उघडं राहावं, तसं झालं.

"आता दोघं देवदूत येतील तुझ्याकडे. बसवतील, विचारतील. घाबरू नकोस. तुझा पालनकर्ता कोण म्हणाले तर सांग, अल्लाह. तुझा धर्म कोणता म्हणाले तर सांग..."

समुद्राकडून वारा येत होता आणि शेखचे अर्धे शब्द घेऊन जात होता. डॉ. लुत्फी मागच्या रांगेत काठीवर भार देऊन उभे होते. सिद्की त्यांचा बत्तीस वर्षांपासूनचा शेजारी. औषधांचं दुकान चालवायचा, आणि रोज संध्याकाळी सोंगट्यांच्या पटावर त्यांना हरवून वर ते कसे हरले हेही समजावून सांगायचा. मंगळवारी डाव अर्धा ठेवून उठला होता, छातीत जळजळतंय म्हणत.

थडग्यातल्या माणसाला उत्तरं सांगण्याचा हा प्रकार डॉ. लुत्फींना नवा नव्हता. विलापिकांवर त्यांनी चार खंड लिहिले होते. हजार वर्षांत अरबी कवींनी मेलेल्या माणसाला कशी कशी हाक मारली, याचं वर्गीकरण त्यांच्या दुसऱ्या खंडात होतं. अलेक्झांड्रियाच्या विद्यापीठात दर वर्षी, त्याच धड्याला, ते म्हणायचे, "जगातली ही एकच परीक्षा अशी आहे जिच्यात उत्तरं दाराबाहेरून पुरवतात आणि तरी कुणी नापास करत नाही." मग ते वर्गाच्या हसण्यासाठी थांबायचे. वर्ग हसायचा.

आज मात्र ते अर्थाकडे नाही, आवाजाकडे लक्ष देत होते. खालच्या पट्टीतला, घाईचा आवाज. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द दाबून उच्चारलेला, पुढचे सैल सोडलेले. हा आवाज त्यांनी ऐकला होता. तोही असाच, दाराच्या पलीकडून.

लोक पांगायला लागले. एका तरुणाने त्यांचा दंड धरला.

"हाजी, जपून. पायरी आहे."

"मी हाजी नाही," ते म्हणाले. "मी प्राध्यापक आहे."

"बरं हाजी," तो म्हणाला आणि त्याने दंड सोडला नाही.

फाटकाशी शेख उभा होता, हातावरची माती झटकत. पन्नाशी ओलांडलेला, दाढीत पांढरं, डोळे मात्र पोरकट. त्यानेच पुढे होऊन सलाम केला. डॉ. लुत्फींनी नाव शोधलं. अलीकडे नावं हाकेसरशी येत नसत. त्यांना बराच वेळ दाराशी उभं राहावं लागायचं.

"तू... मुतवक्किल ना?"

"हजर, सर."

"म्हणजे तो तूच."

"मीच, सर. तोंडी परीक्षेतला."

तीस वर्षं झाली होती. जून महिना, उकाड्यामुळे वीतभर उघडं ठेवलेलं दार, आत तीन परीक्षक आणि समोर अब्दुल-तव्वाब नावाचा एक काटकुळा मुलगा. प्रश्न विचारला की तो गप्प व्हायचा, आणि मग एकदम घडाघडा बोलायला लागायचा. चौथ्या प्रश्नाला डॉ. लुत्फी उठले आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर फरशीवर एक मुलगा फटीला ओठ लावून बसला होता. त्यांनी दोघांनाही नापास केलं. अब्दुल-तव्वाब पुढच्या वर्षी परत आला. हा आला नाही.

"आणि आता हेच करतोस?"

"हेच, सर. इथे कुणी दार उघडत नाही एवढंच."

डॉ. लुत्फींना हसू आलं. कबरस्तानात, सिद्कीला ठेवून दहा मिनिटंही झाली नसताना. त्यांनी ते खोकल्यात दडवलं.

"हे सवाबाचं, पुण्याचं काम, सर, याचे पैसे घेत नाही. पोट दुकानावर चालतं. कॉलेजच्या मागच्या दारासमोर झेरॉक्स आहे. या चहाला."

* * *

"हे काय आहे?"

तरुण डॉक्टरने कार्ड वर धरलं.

"कंगवा."

"हे?"

"उंट."

"हे?"

डॉ. लुत्फींनी चित्राकडे बघितलं. वाकडी मूठ होती, काड्या होत्या, ताणलेलं कापड होतं. त्यांना ती वस्तू पूर्ण माहीत होती. दारामागच्या खुंटीवर ती लटकलेली असायची, बायको असताना दोन, आता एक. वादळी पावसात समुद्राकाठच्या रस्त्यावर ती उलटी व्हायची. तिच्या भोवतालचं सगळं येत होतं. मधोमध मात्र नुसतं भोक होतं.

"पाऊस... पावसात ती..."

शेजारी बसलेल्या नैराचे, त्यांच्या मुलीचे, ओठ हलले.

"गप्प बस!" ते तिच्यावर ओरडले.

ती चाळीस वर्षांची होती, दातांची डॉक्टर होती, तिच्या दवाखान्यात तिच्या हाताखाली दोघं होते. ती गप्प बसली. डॉक्टरने कार्ड खाली ठेवून कागदावर खूण केली. बरोबरची की चुकीची हे डॉ. लुत्फींना तिथून दिसलं. आयुष्यभर ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते. उलट्या बाजूने कागद वाचायची त्यांना सवय नव्हती, पण ही खूण उलटीही ओळखू आली.

गाठ मेंदूच्या आवरणाची होती, डाव्या बाजूला, अक्रोडाएवढी. बहुधा साधी. ती शब्दांच्या जागेवर दाब देत होती. काढली तर शब्द परत येतील अशी आशा होती. दहातले नऊ रुग्ण चांगले होतात, असं शल्यविशारद म्हणाला.

"आणि दहावा?" डॉ. लुत्फींनी विचारलं.

"सर, नवांचा विचार करा."

त्यांनी आयुष्यभर दहाव्याचाच विचार केला होता. चार खंड त्याच्यावरच लिहिले होते. कोणत्या कवीने मरणाला सांडणी म्हटलं, कुणी विहीर म्हटलं, कुणी उंबऱ्याशी थांबलेला पाहुणा. कोणतं वृत्त रडायला सोयीचं आणि कोणतं नाही. आता रुग्णालयाच्या खुर्चीत बसून त्यांनी त्यातलं काहीतरी हाताशी येतंय का ते बघितलं. आलं नाही असं नाही. ओळी आल्या, वृत्तासकट. पण त्या सगळ्या दुसऱ्या कुणाच्या मरणावरच्या होत्या.

खाली, दाखल होण्याच्या खिडकीशी, नैरा अर्ज भरत होती.

"आजीचं नाव आयेशा ना?" तिने मान वर न करता विचारलं. "आयेशाच्या पुढे काय?"

"नुसतं आयेशा."

तिने लिहिलं. पेन कागदावर फिरल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

त्यांच्या आईचं नाव आयेशा नव्हतं. तिचं नाव होतं खीशा, म्हणजे गोणपाट. तिच्या आधीची तीन भावंडं चाळीस दिवसांच्या आत गेली होती. चौथ्या वेळी तिच्या आजीने ठरवलं, हिला असं काही नाव द्यायचं की कुणाची वाईट नजर हिच्यावर थांबणारच नाही. नजर थांबली नाही. खीशा एक्क्याऐंशी वर्षं जगली, नाईलच्या फाट्यावरच्या एका गावात बदकं पाळून तिने पाच मुलं वाढवली. लुत्फी तिसरीत असताना शाळेत देवीची लस टोचायला माणूस आला आणि त्याने यादी मोठ्याने वाचली, मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव. दुसऱ्या दिवशी लुत्फीच्या बाकावर कुणीतरी व्यवस्थित घडी घालून गोणपाट ठेवलं होतं.

तेव्हापासून ते नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. लग्नाच्या बोलण्यात सासऱ्यांना त्यांनी आयेशा सांगितलं. नैरालाही तेच. आणि एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं, कारण या देशात आईचं नाव चारचौघांत सांगणारा पुरुष विरळाच. पण ज्या दिवशी आई गेली, त्या दिवशी अलेक्झांड्रियाहून तीन मोटारी भरून विद्यापीठातली माणसं गावाला आली. विभागप्रमुख आले, अधिष्ठाता आले. गावचा शेख थडग्याशी बसला आणि त्याने थोरल्या मुलाकडे बघून विचारलं, मयताचं नाव? गावाला नाव माहीत होतं. शेखलाही माहीत होतं. पण रीत म्हणून त्याने विचारलं, आणि डॉ. लुत्फी अधिष्ठात्यांच्या कोटाच्या बाहीकडे बघत म्हणाले, "आयेशा."

शेख क्षणभर थांबला. मग त्याने त्या नावाने हाक मारली. घाबरू नकोस, आयेशा. ते विचारतील तेव्हा सांग, आयेशा.

पंचवीस वर्षं डॉ. लुत्फींना हे आठवत नव्हतं. म्हणजे आठवत होतं, पण ते त्याला विचार म्हणत नव्हते. गाठीचं कळल्यापासून मात्र वस्तूंची नावं गेली, नातेवाइकांची नावं गेली, आणि हेच तेवढं लख्ख राहिलं. आता त्यांच्या वेळीही हाक चुकीचीच पडणार होती. मुलीने अर्जावर लिहून दिली होती.

* * *

दुकानावर पाटी होती, 'मितवल्ली स्टेशनरी व झेरॉक्स'. मालक वेगळा असेल असं समजून डॉ. लुत्फी आत शिरले. दुपारचे बारा वाजत होते. सात-आठ मुलंमुली काउंटरवर वाकली होती. शेख यंत्रामागे उभा होता, अंगात लांब झग्यावर स्वेटर. त्यांना बघताच त्याने हातातले कागद पटकन ड्रॉवरमध्ये सरकवले.

"काय ते?"

"काही नाही, सर."

"दाखव."

शेखने ड्रॉवर उघडला. एका पानावर सोळा पानं, मुंगीएवढ्या अक्षरात. बाहीत मावतील अशा आकारात कापायच्या रेघासुद्धा आखलेल्या.

"सर, तिसरा खंड आहे," काउंटरवरची एक मुलगी म्हणाली. तिने डॉ. लुत्फींना ओळखलं नव्हतं. "त्या लुत्फीचा. भिंगातून वाचला तरी कळत नाही."

"साध्या डोळ्यांनीही कळत नाही," डॉ. लुत्फी म्हणाले. "मी बघितलंय वाचून."

शेखने तोंडावर हात ठेवला. मग मुलांना म्हणाला, "चला, अर्ध्या तासाने या. यंत्र तापलंय."

मुलं कुरकुरत बाहेर गेली. चहा आला, काचेच्या पेल्यात, काळा आणि अतोनात गोड. डॉ. लुत्फींनी पेला दोन्ही हातांत धरला. ते बोलायला आले होते त्याची तयारी त्यांनी ट्राममध्ये केली होती, पण सुरुवातीचा शब्दच सापडेना.

"गुरुवारी," ते म्हणाले. "डोक्याचं. कापणार आहेत."

शेखच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.  त्याने स्टूल जवळ ओढलं.

"काही झालंच तर तू येशील? थडग्याशी. सांगायला."

"सर, तुम्ही तर वर्गात म्हणायचात..."

"काय म्हणायचो ते मला माहीत आहे."

"मी हसलो होतो त्याला, सर. सगळ्यांत मोठ्याने." शेख पेल्यातला चहा फिरवत राहिला. "एक सांगू? अब्दुल-तव्वाबला सगळं येत होतं. त्या दिवशीही. आम्ही तीन महिने एकत्र अभ्यास केला होता, मला जे येत होतं ते त्यानेच शिकवलेलं. पण तुम्ही समोर बसलात की त्याचं तोंड बंद. मी त्याला उत्तर सांगत नव्हतो, सर. नुसता पहिला शब्द सांगायचो. पुढचं त्याचं तो."

डॉ. लुत्फींना दाराची फट आठवली. गप्प होणं, आणि मग घडाघडा. तीस वर्षं ती गोष्ट त्यांच्याकडे अशीच होती, आणि तिच्यातलं हे त्यांना कधी दिसलं नव्हतं.

"तो कुठे असतो आता?"

"तान्ताला न्यायाधीश आहे. लोक त्याला घाबरतात."

दोघंही थोडा वेळ हसले. मग डॉ. लुत्फींनी पेला खाली ठेवला.

"छत्री," ते म्हणाले.

"काय, सर?"

"काही नाही. सोमवारी हवा होता हा शब्द. आज आला."

शेखने मान डोलावली, जणू हे अगदी सरळ होतं. "भीती वाटली की माणसाला येत असलेलंही येत नाही, सर. थडग्यात तर वाटणारच. म्हणून पहिला शब्द सांगायचा. बाकी मला काही कळत नाही. ते ऐकतात की नाही, मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही?"

"कसं असणार? परत येऊन कुणी गुण सांगितलेत?"

बाहेर कुणीतरी दुकानाच्या काचेवर टकटक केलं. शेखने हातानेच हाकललं.

"आईचं नाव लागेल, सर," तो मग म्हणाला. "आणि खरं सांगा हं. या शहरात दहातले सात जण आयेशा, फातिमा नाहीतर खदीजा सांगतात. सगळ्यांच्या आया एकाच घरातल्या असल्यासारख्या."

डॉ. लुत्फींच्या जिभेवर आलेला शब्द तिथेच राहिला.

"आणि खोटं सांगितलं तर?" ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "समज, एखाद्याने खोटं नाव सांगितलं. स्वतःचं नाही. मयताचंच. समज, मुलानेच. आणि तिला त्या नावाने हाक मारली. मग तिला कळणार कसं, आपल्यालाच बोलावतायत?"

शेखने त्यांच्याकडे बघितलं.  मग उठून त्याने पेले उचलले, खिडकीत ठेवले, आणि पाठमोराच म्हणाला,

"सर, माझं नाव काय?"

"मुतवक्किल."

"बाहेरची पाटी वाचलीत?"

डॉ. लुत्फी दाराच्या काचेतून पाटीची उलटी अक्षरं बघत राहिले.

"मितवल्ली," शेख म्हणाला. "जन्मापासून. पहिल्या वर्षी पहिल्याच तासाला तुम्ही हजेरी घेताना मुतवक्किल म्हणालात. मी म्हटलं, सांगावं. मग म्हटलं, एवढा मोठा माणूस, जाऊ दे. चार वर्षं तुम्ही मला मुतवक्किल म्हणत होतात. एक तास तरी मी हजर म्हटलं नाही असं झालं का? मागच्या आठवड्यात कबरस्तानात म्हटलंच ना?" तो वळला. "आपल्याला बोलावतायत हे माणसाला कळतं, सर. बोलावणारा आपल्याकडे बघत असतो ना."

डॉ. लुत्फींनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले आणि त्यांवर हनुवटी टेकवली.  शेखने घाई केली नाही. दुकानाच्या दाराशी मुलं परत जमली होती. काचेला नाकं लावून आत बघत होती.

"सांगतो," ते म्हणाले.

शेखने दाराकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. मग त्याने यंत्राचं झाकण उघडलं आणि आत कागद न घालताच बटण दाबलं. म्हातारं यंत्र होतं ते. खडखडाट करत, घरघरत चालू झालं, काउंटरवरचे पेन्सिलींचे डबे थरथरू लागले. हिरवा उजेड इकडून तिकडे सरकत राहिला. शेख वाकला आणि त्याने कान पुढे केला.

डॉ. लुत्फींनी नाव सांगितलं. पासष्ट वर्षांनी पहिल्यांदा. त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं नाही, नुसतं ओठांवर जाणवलं.

शेखने मान डोलावली आणि यंत्र बंद केलं.

"लिहून घेत नाहीस?"

"ही नावं मी लिहीत नाही, सर."

ट्राममध्ये बसल्यावर डॉ. लुत्फींच्या मनात आलं, त्याला ऐकू गेलं का? त्या आवाजात? की नुसतंच बरं वाटावं म्हणून मान डोलावली? उतरून परत जावं असं त्यांना वाटलं. पण पुन्हा सांगायचं म्हणजे पुन्हा सांगायचं. ते बसून राहिले. दोन थांबे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ओठ हलतायत, आणि समोरची बाई त्यांच्याकडे बघतेय. तिला वाटलं असेल, म्हातारा काहीतरी पढतोय.

* * *

"हाजी! ए हाजी!"

आवाज खूप वरून येत होता. भोवती पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यात दोघं उभे होते, एक या बाजूला, एक त्या बाजूला. चेहरे झाकलेले. फक्त डोळे.

आले, डॉ. लुत्फींना वाटलं. दोघं. सांगितल्याप्रमाणे.

भीती वाटेल असं त्यांनी धरलं होतं. त्यांनी तिची वाट बघितली. अंग जड होतं, घसा कोरडा होता, डोकं कुणीतरी दोरीने बांधल्यासारखं होतं. भीती मात्र नव्हती. थोडी घाई होती, लवकर विचारा अशी.

"हाजी, ऐकू येतंय का?"

ते हाजी नव्हते. पण तो त्यांच्याकडेच बघत होता.

"हजर," ते म्हणाले.

दोघांपैकी एक हसला. त्याने तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि तो कार्डवाला तरुण डॉक्टर झाला. दुसरी परिचारिका होती. हिरव्या पडद्यापलीकडे काहीतरी टिकटिकत होतं. पायांकडे नैरा उभी होती, केसांवर कागदी टोपी, डोळे सुजलेले, आणि ती एकाच वेळी हसत आणि रडत होती.

"गाठ पूर्ण निघाली, बाबा," ती म्हणाली. "साधी होती. पूर्ण निघाली."

"थांबा, ताई, दोन प्रश्न विचारतो आधी," डॉक्टर म्हणाला. त्याने पाटीवरचा कागद पुढे घेतला. "नाव सांगा बघू."

"लुत्फी."

"कुठे आहात तुम्ही?"

"रुग्णालयात. दहातल्या नवांत."

"छान! हे काय?" त्याने खिशातून कार्ड काढलं.

"छत्री. वाकड्या मुठीची. माझी सरळ आहे."

डॉक्टरने खूण केली. "आणि आईचं नाव?"

डॉ. लुत्फींनी ओठ ओले केले. शब्द दाराशीच उभा होता. कुणाला तो पुढे ढकलावा लागला नाही.

"खीशा."

डॉक्टरने कागदाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. पेन कागदावर थांबलं.

"आयेशा, बाबा," नैरा त्यांच्यावर झुकून हळूच पुटपुटली. "आयेशा. आठवतंय ना? आयेशा."

तिचा श्वास त्यांच्या कानाला लागला, गरम, कॉफीचा वास असलेला. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, जेवढी त्या पट्ट्यांत हलत होती तेवढी.

"खीशा," ते पुन्हा म्हणाले. यंत्राची टिकटिक सोडली तर खोलीत शांतता होती, आणि नाव पार पडद्यापलीकडे गेलं असावं.

"हरकत नाही," डॉक्टर नैराला म्हणाला. "गुंगी आहे. तीन बरोबर, एक चूक. उद्या सकाळी परत विचारू."

त्याने खूण केली. उलट्या बाजूनेही ती डॉ. लुत्फींना ओळखू आली. एवढ्या मोठ्या आयुष्यात ही चूक आपल्या नावावर लागल्याचं त्यांना जितकं बरं वाटलं, तितकं चार खंडांचं कधी वाटलं नव्हतं. डॉक्टर आणि परिचारिका पुढच्या खाटेकडे गेले.

नैरा तिथेच उभी होती. टोपीतून एक बट सुटली होती. तिने वडिलांकडे नीट बघितलं, आधी डॉक्टरसारखं, मग मुलीसारखं.

"बाबा," ती म्हणाली. "खीशा कोण?"

"खुर्ची ओढ," डॉ. लुत्फी म्हणाले. "जवळ घे. बदकांपासून सांगावं लागेल."